होमस्टेची वेबसाइट फुकटात होईल, फक्त नाव तेवढं विकत घ्या

प्रश्न थोडक्यात असा: दापोलीजवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, एक ताई आणि त्यांच्या सासूबाई चार खोल्यांचं होमस्टे चालवतात. आजवर पाहुणे ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवरून आले. आता लोक फोनवर विचारतात, ‘वेबसाइट आहे का?’ एकाने ३५ हजार आणि पुढे दर वर्षी ८ हजार सांगितले. ‘मला कोडिंग येत नाही, लॅपटॉप मुलाचा आहे आणि तो सुट्टीतच घरी असतो. फुकटात किंवा थोडक्या पैशांत हे होईल का, आणि सुरुवात कुठून करू?’

ताई, होईल. मी गेली अठरा वर्षं लहान धंद्यांच्या साइट करतोय. मंगल कार्यालयं, रोपवाटिका, मसालेवाले, दोन-चार दवाखाने. म्हणजे तुम्हाला ३५ हजार सांगणाऱ्याच्याच पंगतीतला मी. तरीही सांगतो, तुमच्या कामाला एवढे लागत नाहीत.

आधी तुमची अडचण नेमकी काय ते बघू. एक जण फोन करतो, तुम्ही त्याला बारा फोटो पाठवता, तो ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतो. तेच बारा फोटो दिवसभरात आणखी पाच जणांना जातात. शिवाय आगाऊ पैसे भरण्याआधी समोरच्याला धास्ती असते की हे घर खरंच आहे ना, की कोणीतरी भलत्याच बंगल्याचे फोटो दाखवून पैसे उकळतोय. तुम्ही खऱ्या आहात हे त्याला पटावं आणि तुमचा वेळ वाचावा, एवढंच त्या साइटने करायचंय. त्याला चार-पाच पानं पुरतात. लॉगिन नको, ऑनलाइन पेमेंट नको, ‘बुक नाऊ’चं बटणही नको, कारण कोणती खोली कधी रिकामी आहे हे शेवटी सासूबाईंच्या वहीतच असणार.

उद्या कोकम आगळ आणि आंबापोळी घरपोच विकायची असेल, किंवा चाराच्या वीस खोल्या झाल्या, तर माझं उत्तर बदलेल. आत्ता मी चार खोल्या धरूनच लिहितोय.

पैसे खर्च करायचे ते नावावर, म्हणजे डोमेनवर. डॉट इन किंवा डॉट कॉम नाव वर्षाला साधारण ७०० ते १३०० रुपयांत मिळतं, वर १८ टक्के जीएसटी. विकणारे पहिल्या वर्षाला ९९ किंवा १९९ रुपये असं मोठ्या अक्षरात लिहितात. तो भाव बघायचाच नाही. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाला किती लागतील तो आकडा शोधायचा, तो हमखास खाली बारीक अक्षरात असतो. पैसे भरायच्या आधी टोपलीत त्यांनी आपणहून टाकलेल्या तीन-चार गोष्टी, ‘सुरक्षा’, ‘साइट बिल्डर’, ‘ईमेल’ वगैरे, एकेक करून काढून टाका. मुदत संपून नाव निसटलं तर काही दिवस परत मिळण्याची सोय असते, पण तेव्हा दंडासकट काही हजार मोजावे लागतात. म्हणून जमलं तर एकदम तीन वर्षांचे भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ते नाव तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर नोंदवलेलं हवं. करून देणाऱ्याच्या नाही, भाच्याच्या मित्राच्याही नाही. माझ्याकडे एक मसालेवाले आले होते. नऊ वर्षं चाललेली साइट, पुड्यांवर छापलेला पत्ता. ज्याने ती केली त्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. तो धंदा सोडून परदेशी गेला, फोन बंद, आणि एक दिवस साइटच्या जागी भलत्याच जाहिराती. नाव परत मिळालं नाही. दुसरं घेतलं, छापून ठेवलेल्या सगळ्या पुड्यांवर स्टिकर चिकटवले. त्या स्टिकरांना साइटपेक्षा जास्त खर्च आला.

नाव निवडताना ते फोनवर सांगून बघा. तुमच्या घराच्या नावात ‘छाया’ आहे असं तुम्ही लिहिलंय. रोमनमध्ये ‘छ’ कोणी सी-एच लिहील, कोणी सी-एच-एच, आणि शेवटचा ‘या’ कोणी एका ए ने, कोणी दोन. मग निम्मे पाहुणे चुकीच्या पत्त्यावर. त्यापेक्षा गावाचं नाव आणि एखादा सोपा शब्द बरा. देवनागरीतलं डॉट भारत नावही २०१४ पासून घेता येतं, आणि मला ते मनापासून आवडतं, पण ईमेलला आणि काही ॲपमध्ये अजून अडखळतं. हौस म्हणून दुसरं नाव ठेवा, गाडीच्या काचेवर मात्र पहिलंच छापा.

नावावर एवढा भर का देतोय? कारण फुकटचं छप्पर कधीही काढून घेतलं जातं, आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असं नाही. जिओसिटीज नावाच्या फुकट जागेवर लाखो लोकांनी घरं बांधली होती, याहूने ती २००९ मध्ये बंद केली. डॉट टीकेसारखी फुकट नावं वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली. आणि तुमच्यासारख्यांना सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे गूगल. नकाशावर धंदा नोंदवला की गूगल एक छोटी फुकट वेबसाइटही द्यायचं. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद झाल्या. माझ्या ओळखीच्या दोन रोपवाटिकांचे पत्ते असेच गेले. ज्यांच्याकडे स्वतःचं नाव होतं त्यांनी आठवडाभरात ते दुसरीकडे जोडलं, पाहुण्यांना बदल कळलाही नाही. छप्पर भाड्याचं चालेल, पाटी आपली हवी.

तर छप्पर कोणतं? तुमच्यासाठी मी गूगल साइट्स सुचवतो. तुमच्या जीमेलच्याच खात्यातून चालतं, वेगळे पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, मजकूर आणि फोटो ओढून जागेवर ठेवले की झालं. मोबाइलवर आपोआप नीट दिसतं. स्वतःचं नाव जोडता येतं आणि पत्त्यापुढचं कुलूप, म्हणजे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, तेही फुकटात मिळतं. (या प्रमाणपत्राचे वेगळे दोन-तीन हजार कोणी मागितले तर हात जोडा. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ती फुकट वाटते आणि जवळपास सगळे होस्टिंगवाले, म्हणजे साइटला जागा देणारे, आतून हेच वापरू शकतात.)

उणिवाही सांगतो. गूगल साइट्सवरची सगळी पानं एकाच आईची लेकरं दिसतात, फार नटवता येत नाही. गूगलच्या शोधात पानाखाली जे दोन ओळींचं वर्णन येतं ते आपल्या मनासारखं लिहिता येत नाही. नाव जोडताना ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट जोडावं लागतं, आणि त्याशिवायचा पत्ता टाकणाऱ्याला तिकडे वळवायची सोय डोमेन विकणाऱ्याच्या खात्यात जाऊन करावी लागते. हे एवढं एक काम मुलाला सुट्टीत सांगा. तासाभराचं आहे, फक्त बदल लागू व्हायला कधी कधी दिवस जातो. तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा खुडबुड करू नका. माझे नवे मदतनीस हमखास हीच चूक करतात.

अजून एक. ज्या गूगल खात्यावर साइट आहे ते दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. म्हणून रोजच्या वापरातलं खातं घ्या, त्याला सासूबाईंचाही नंबर जोडून ठेवा, आणि पासवर्ड घरातल्या एका वहीत. हो, वहीत. दापोलीतल्या कपाटातली वही पळवायला कोणी हॅकर येत नाही.

तुम्हाला लिहायची आवड असेल तर मात्र ब्लॉगर घ्या. जुनं आहे, १९९९ चं, २००३ पासून गूगलकडे आहे, दिसायला जरा मागासलेलं, पण स्वतःचं नाव फुकट जोडता येतं आणि मराठीत नियमित लिहिणाऱ्याला ते अजूनही पुरतं. वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात त्या दिवसांत तुम्ही दर आठवड्याला चार ओळी आणि एक फोटो टाकलात, तर शोधणारे लोक आपोआप तुमच्यापर्यंत येतील. कार्ड नावाची एक सेवा आहे (स्पेलिंगमध्ये आर दोनदा), एकाच पानाची साइट फार देखणी होते. फुकट चालते, पण स्वतःचं नाव जोडायचं तर वर्षाला १९ डॉलरचा प्लॅन लागतो. मुलगा संगणक शिकत असेल आणि त्याला हात खराब करायचे असतील, तर साधी एचटीएमएलची (वेबपानं ज्या भाषेत लिहितात ती) पानं लिहून क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवता येतात. या प्रकारात गिटहब पेजेसचं नाव जास्त ऐकू येतं, पण त्यांच्या नियमांत धंद्याच्या साइटसाठी ते फुकट होस्टिंग म्हणून वापरू नये असं आहे. शिकायला वापरा, होमस्टेला नको. त्याला आधार हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे धडे बघू दे. फुकट आहेत आणि बरेचसे मराठीतही.

साइट बनवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर का नाही, असं कोणीतरी विचारणारच. वर्डप्रेस चांगलंच आहे. मुक्त आहे, २००३ पासून आहे, मराठीतही वापरता येतं, माझी निम्मी रोजीरोटी त्याच्यावर चालते. पण ते सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याला ठेवायची जागा फुकट नाही. होस्टिंगचे महिन्याला दीड-दोनशे दिसतात ते तीन-चार वर्षांचे एकदम भरले तर, आणि पुढच्या खेपेला दुप्पट-तिप्पट. शिवाय त्याला म्हशीसारखं रोज बघावं लागतं. प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, अद्ययावत करा, बॅकअप घ्या. एका मंगल कार्यालयाची साइट करून दिली होती. मालक म्हणाले देखभालीचे पैसे कशाला, आमचा पुतण्या बघेल. पुतण्याने दीड वर्ष काहीच बघितलं नाही. मग गूगलवर कार्यालयाचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरांत कसल्यातरी वस्तूंच्या जाहिराती यायला लागल्या. कुणीतरी आत शिरून हजारो खोटी पानं बनवली होती. ऐन लग्नसराईत. तुमच्याकडे बघायला माणूस नसेल तर वर्डप्रेस नको. पुढे धंदा वाढला की नाव तेच ठेवून तिकडे जाता येतंच. वर्डप्रेसच्याच नावाची एक तयार सेवाही आहे, तिथे जागा फुकट मिळते, पण फुकट प्लॅनवर त्यांच्या जाहिराती येतात आणि स्वतःचं नाव जोडायला पैसे पडतात. तुमच्या कामाला त्यात अर्थ नाही.

मजकुराबद्दल दोन गोष्टी, कारण साइट इथेच फसतात. तुमचं जुनं माहितीपत्रक छापखान्यातून श्रीलिपीत (छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमध्ये) केलेलं असेल तर ते उचलून साइटवर चिकटवू नका, इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत, नव्याने टाइप करा, किंवा मोबाइलवर बोलून लिहा. बोलून लिहिलेलं मराठी आता बऱ्यापैकी बरोबर येतं, फक्त पूर्णविराम आणि र्‍हस्व-दीर्घ नंतर बघा. गूगल साइट्सवर फॉन्टच्या भानगडीत पडायची गरज नाही. मुलाने स्वतः पानं लिहिली तर गूगल फॉन्ट्सवरून मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ किंवा टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्यायला सांगा, दोन्ही फुकट. आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला सांगा. नाहीतर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. बहुतेकांना कळत नाही, पण ‘काहीतरी परकं वाटतंय’ असं माझ्या आईनेसुद्धा एकदा म्हटलं होतं.

दुसरं म्हणजे काय लिहायचं. ‘निसर्गाच्या कुशीत एक अविस्मरणीय अनुभव’ हे लिहू नका. हे सगळ्यांनी लिहिलंय, आणि आता तर चॅटबॉटला सांगितलं की तो हेच लिहून देतो. (मुलाने त्याच्याकडून एचटीएमएल लिहून घेतलं तर हरकत नाही. मजकूर मात्र तुमचा हवा.) डोंबिवलीहून आई-वडिलांना घेऊन येणाऱ्या माणसाला विचारायचं असतं की संडास कमोडचा आहे का, खोली तळमजल्यावर आहे का. पुण्याहून येणाऱ्याला, ताम्हिणीतून यावं की भोरवरून. मोठी गाडी दारापर्यंत येते का, ड्रायव्हरची झोपायची सोय काय. खेड स्टेशनवर उतरलं तर पुढे कसं यायचं. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, कोणत्या कंपनीची रेंज येते. शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात होतं का, सुरमई मिळाली नाही तर ताटाचा भाव कमी होतो का. कुत्रं आणलं तर चालेल का. याची सरळ उत्तरं आणि दर लिहिले की निम्मे फोन कमी होतील, आणि जे येतील ते ठरवूनच येतील. दर लपवू नका. ‘दरासाठी संपर्क करा’ वाचून तरुण मंडळी फोन करत नाहीत, पुढच्या होमस्टेकडे जातात. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत तुमची नोंदणी असेल तर तेही ठळक लिहा.

फोटो स्वतःचेच हवेत. अनस्प्लॅश, पेक्सेल्स यांवर फुकट फोटो छान मिळतात, पण तिथला समुद्र तुमचा नाही. पाहुण्याला तो मालदीवचा आहे हे बरोबर कळतं, आणि मग खोलीचे फोटोही त्याला खोटे वाटतात. मोबाइलने काढा, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर, मोबाइल आडवा धरून. काढण्याआधी लेन्स पदराने पुसा, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. एक फोटो बाथरूमचा हवाच. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे वीस टाकले तर घाटात रेंज शोधत बसलेल्या माणसाला पान उघडणार नाही. साइटवर टाकण्याआधी स्क्वूश या फुकट साधनात, ब्राउझरमध्येच, रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणा आणि वजन २०० केबीच्या आसपास. डोळ्याला फरक दिसत नाही. पाटी, दरपत्रक करायला कॅनव्हाचा फुकट प्लॅन पुरेसा आहे.

संपर्कासाठी फॉर्म ठेवू नका, कोणी भरत नाही, आणि भरला तर तुम्ही बघत नाही. व्हॉट्सॲपची थेट लिंक ठेवा: डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग ९१ लावून तुमचा नंबर. दाबलं की नंबर सेव्ह न करता गप्पांची खिडकी उघडते. पैशांचा क्यूआर कोड साइटवर उघडा टाकू नका. तो उचलून त्यावर स्वतःचा चिकटवणारे लोक आहेत. ‘आगाऊ रक्कम आमच्याशी फोनवर बोलल्यावरच पाठवा’ अशी ओळ टाका, पाहुण्याचाही विश्वास बसतो. ईमेलला सध्या जीमेल चालेल. घराच्या नावाचा पत्ताच हवा असेल तर क्लाउडफ्लेअरच्या फुकट सोयीने तो जीमेलकडे वळवता येतो.

आणि हे सगळं करायच्या आधी गूगल नकाशावरची नोंदणी पूर्ण करा, म्हणजे बिझनेस प्रोफाइल. फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षात वेबसाइटपेक्षा जास्त पाहुणे तिकडूनच येतील. पडताळणीसाठी बहुतेक व्हिडिओ मागतात. रस्ता, बाहेरची पाटी, आणि तुम्ही स्वतः कुलूप उघडून आत जाताय असं एकाच दमात दाखवायचं. पाटी आधी रंगवून घ्या. नोंदणी झाली की त्यात साइटचा पत्ता टाका, आणि साइट गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये नोंदवा. तेही फुकट आहे, लोक काय शोधून तुमच्यापर्यंत आले ते तिथे कळतं.

हिशेब केला तर असा: नावाला तीन वर्षांचे साधारण तीन-साडेतीन हजार. बाकी जागा, प्रमाणपत्र, नकाशा, फोटो हलके करणं, सगळं शून्य. तुमचे मात्र चार-पाच दुपारचे वेळ जातील, त्याची किंमत मी धरलेली नाही. तो वेळच नसेल तर कोणाला तरी पैसे देऊन करून घेण्यात कमीपणा नाही. पाच पानांच्या अशा कामाला, तुम्ही मजकूर आणि फोटो दिलेत तर, माझ्या मते आठ-दहा हजार रास्त आहेत. ३५ हजारवाला लबाड आहे असं मी म्हणत नाही, त्याने कदाचित बुकिंगची सगळी यंत्रणा धरली असेल. त्याला तीन गोष्टी विचारा: डोमेन कोणाच्या नावावर घेणार, वर्षाच्या ८ हजारांत नेमकं काय करणार, आणि उद्या आपलं पटलं नाही तर मला कोणकोणते पासवर्ड हातात देणार. तिसऱ्या प्रश्नाला तो किती वेळ घेतो ते बघा.

या आठवड्यात दोनच कामं करा. नाव घेऊन टाका, आणि फोनशेजारी एक वही ठेवा. पुढचे पंधरा फोन येतील त्यांत प्रत्येकाने सगळ्यात आधी काय विचारलं ते एका ओळीत लिहा. ती यादी मला दाखवलीत की कोणती ओळ कुठल्या पानावर जाईल ते सांगतो.